पंचाची टोपी

न्याय देणाऱ्याचे वस्त्र मळलेले असले, तर त्याचा निवाडाही मळतो काय? वरवर पाहता प्रश्न पोरकट वाटेल. निवाडा बुद्धीने होतो, कापडाने नव्हे, हे शेंबडे पोरही सांगेल. तथापि या प्रश्नात वाटते त्याहून अधिक गुंता आहे, आणि तो न्यायालयापेक्षा खेळाच्या मैदानावर अधिक स्पष्ट दिसतो, असे आम्हांस वाटते. म्हणून येथे आम्ही एक अगदी साधी वस्तू विचारासाठी घेत आहोत: सॉफ्टबॉलच्या पंचाची टोपी, त्याचा गणवेश, आणि त्या दोहोंची निगा.

सॉफ्टबॉल हा खेळ आपल्या महाराष्ट्रातही शाळा-महाविद्यालयांतून खेळला जातो. पण त्याचे माहेर अमेरिका. १८८७ साली शिकागो येथील फॅरागट बोट क्लबमध्ये जॉर्ज हॅनकॉक यांनी तो चार भिंतींच्या आत सुरू केला. मुष्टियुद्धाचा हातमोजा बांधून केलेला चेंडू आणि हाती सापडलेला दांडा, एवढ्याच भांडवलावर. पुढे तो मोकळ्या मैदानात आला आणि १९९६ साली अटलांटा येथे महिलांचा खेळ म्हणून ऑलिम्पिकमध्येही गेला. परंतु त्याचा खरा जीव आहे तो तेथील गावोगावच्या उद्यानांत. शनिवारी-रविवारी तेथे सकाळपासून दिवे लागेपर्यंत सामन्यामागून सामने चालतात. पंच बहुधा नोकरी-धंदा सांभाळून आलेला असतो. मानधन बेताचेच, आणि गणवेश बहुतेक वेळा पदरच्या पैशाने घेतलेला.

हा गणवेश म्हणजे फिकट निळा किंवा गडद निळा शर्ट, करडी विजार, काळे बूट आणि गडद निळी टोपी. एका सामन्याला दोन पंच असतील, तर दोघांचे शर्ट एकाच रंगाचे असावे लागतात. मुख्य पंच होमप्लेटच्या मागे, कॅचरच्या पाठीशी वाकून उभा राहतो. त्याच्या तोंडावर जाळीचा मुखवटा असतो. म्हणून त्याच्या टोपीचे टोक आखूड केलेले असते. मुखवटा डाव्या हाताने असा काढावा की टोपी डोक्यावरून हलू नये, हे त्याला आरंभीच शिकवतात. प्लेटवरची धूळ झटकताना तो मैदानाकडे पाठ करून वाकतो. प्रेक्षकांकडे पार्श्वभाग करून वाकणे अशिष्ट, हा त्यामागील संकेत. खेळ केवळ मुलाबाळांचा असला, तरी हे सारे पाळले जाते.

येथे एक विसंगती लक्षात घ्यावी. खेळाडू घसरत जाऊन बेस गाठतो, तेव्हा त्याची विजार मातीने माखते आणि लोक टाळ्या वाजवतात. ती माती त्याच्या पराक्रमाची खूण ठरते. तीच धूळ त्याच क्षणी पंचाच्या शर्टावरही उडते; पण पंच मळका दिसला की लोक त्याला गबाळा म्हणतात. एकाच मातीला दोन न्याय कसे? आमच्या मते, खेळाडू आपल्या बाजूने लढत असतो, आणि त्याच्या अंगावरची माती ती बाजू सांगते. पंचाला बाजू नसते. त्याच्या अंगावर काहीच लिहिलेले असू नये, अशी लोकांची अपेक्षा असते, आणि मळ हे एक प्रकारचे लिखाणच होय.

फ्रेंच तत्त्ववेत्ता पास्काल याने या गोष्टीकडे तिरकस नजरेने पाहिले होते. न्यायाधीशांपाशी खरा न्याय असता, तर त्यांना झग्यांची आणि चौकोनी टोप्यांची गरजच पडली नसती, अशा आशयाचा त्याचा टोमणा प्रसिद्ध आहे. ज्ञान अपुरे असते, म्हणून माणसे कापडाने लोकांची कल्पनाशक्ती भारून टाकतात, असा त्याचा आक्षेप. यात तथ्य नाही असे कोण म्हणेल? कडक इस्त्रीच्या आड लपलेले अज्ञान आपण सर्वांनीच पाहिले आहे.

तरीही आम्हांला हा आक्षेप अपुरा वाटतो. सकाळी आठ वाजता दोन अनोळखी संघ मैदानात उतरतात. पंच कोण, कसा, त्याची नजर कितपत तीक्ष्ण, हे कोणालाच ठाऊक नसते. तरी पहिल्या चेंडूपासून त्याचा शब्द मानावाच लागतो. आधी त्याची परीक्षा घेऊ आणि मग विश्वास ठेवू, एवढी सवड खेळात नाही. हा विश्वास उसना असतो. त्या गणवेशात याआधी ज्यांनी प्रामाणिकपणे काम केले, त्यांच्या पुण्याईवर आजच्या पंचाला तो मिळतो, आणि एकेका निर्णयाने तो त्याला फेडावा लागतो. मग उसन्या वस्तूची निगा राखणे हा दिखाऊपणा कसा? शेजाऱ्याचे भांडे घासून परत करणाऱ्या गृहिणीला कोणी दिखाऊ म्हणत नाही.

संत थॉमस अक्वायनस यांनी बाह्य पोशाखाविषयी विवेचन करताना एक मार्मिक भेद केला आहे. वेशाचा अतिरेक हा दोष आहेच. पण उणेपणाही दोषच, आणि तोही दोन प्रकारचा. एक आळसातून येतो. दुसरा मात्र आपल्या गबाळेपणातच मोठेपणा शोधतो. हा दुसरा प्रकार पंचांतही आढळतो. ‘माझी नजर पाहा, माझी टोपी काय पाहता?’ असे म्हणणाऱ्याला आपली टोपी मळकी आहे हे पुरेपूर ठाऊक असते. नव्हे, त्याचा त्याला किंचित अभिमानच असतो.

असो. प्रत्यक्ष धुण्याकडे वळू. नीतीचा विचार हातांपर्यंत पोहोचला नाही, तर त्याचा उपयोग काय?

टोपी खराब होते ती बाहेरून कमी, आतून अधिक. कपाळाला टेकणारी आतली पट्टी दिवसभर घाम पिते. पाणी उडून जाते आणि गडद निळ्या कापडावर मिठाची पांढरी रेघ उमटते. ही रेघ घालवायला गार पाणी, थोडासा सौम्य साबण आणि दातांचा जुना मऊ ब्रश पुरेसा आहे. टोपी पिळू नये, यंत्रात टाकू नये. अमेरिकेत काहीजण ती भांडी धुण्याच्या यंत्रात ठेवतात. तेथील उष्णतेने आणि तीव्र पावडरीने तिचा आकार व रंग दोन्ही जातात. जुन्या टोप्यांच्या टोकात पुठ्ठा असे, तो भिजला की संपला; अशी टोपी घरात असेल, तर ती ओल्या फडक्याने पुसण्यावरच भागवावे. आताच्या टोप्यांत प्लास्टिक असते.

शर्टावरचा चिखल ओला असताना कधीही चोळू नये, तो धाग्यांत अधिकच शिरतो. वाळू द्यावा, झटकावा, मग गार पाण्यात धुवावा. (या गोष्टीत एखादी उपमा शोधण्याचा मोह आम्हांलाही झाला, पण चिखल हा चिखल आहे.) लाल मातीचे डाग अधिक हट्टी. ओक्लाहोमाची माती आपल्या कोकणातल्या मातीसारखीच लोहामुळे लाल असते. तिच्यावर ब्लीचिंगचे पाणी घातले, तर डाग जाण्याऐवजी पक्का होण्याचा संभव असतो. लिंबाच्या रसासारखे सौम्य आम्ल अधिक कामाचे, मात्र आधी कापडाच्या आतल्या कोपऱ्यावर लावून रंग टिकतो का ते पाहावे. गडद टोपी आणि फिकट शर्ट एकत्र भिजवू नयेत. घाम शोषणाऱ्या कृत्रिम धाग्याला कापड मऊ करणारी द्रव्ये वर्ज्य, कारण त्यांचा थर बसला की कापड घाम ओढेनासे होते.

एवढी काळजी घेणाऱ्या माणसाला एक धोकाही संभवतो. होमप्लेटमागे चेंडू गुडघ्याच्या उंचीवर आला की नाही, हे ठरवायला खाली वाकावे लागते. विजारीची घडी मोडेल म्हणून जो पंच पुरता वाकत नाही, त्याला तो चेंडू दिसतच नाही. आणि न दिसलेल्या चेंडूवर तो निर्णय देतो. अशा वेळी मळका पंच शतपटीने बरा. स्वच्छ गणवेशातला पक्षपात हा तर साध्या पक्षपाताहून वाईट, कारण तेथे उसना विश्वासही बुडवला जातो. गणवेश मैदानात मळण्यासाठी आहे आणि घरी धुण्यासाठी आहे. या दोन जागांची अदलाबदल झाली, की पास्काल जिंकला.

स्वच्छतेचे ऋण कोणापाशी सर्वांत जास्त असते? आम्हांला वाटते, दिवसाच्या शेवटच्या सामन्यातील मुलींपाशी. सकाळच्या संघाला ताजा पंच मिळतो, टवटवीत शर्ट मिळतो. संध्याकाळी सहाला उतरणाऱ्या संघाने काय पाप केले? त्यांनीही तितकाच सराव केलेला असतो, त्यांचेही आई-बाप तितक्याच दुरून आलेले असतात. घामाने चिकटलेला, टोपी मागे सरकलेला पंच त्यांच्यापुढे उभा राहतो, तेव्हा तुमचा सामना उरलासुरला आहे, असेच जणू तो न बोलता सांगत असतो. म्हणून जाणते पंच पिशवीत दुसरा शर्ट ठेवतात आणि दोन सामन्यांच्या मधल्या पाच मिनिटांत बुटांवरून फडके फिरवतात. थकवा त्याने जात नाही, हे खरे.

राहता राहिला प्रश्न, हे धुवायचे कोणी. कित्येक घरांत हे काम पत्नीच्या किंवा आईच्या वाट्याला येते, आणि मैदानावर पंचाला मिळणाऱ्या मानात त्या हातांचा वाटा कोणी मोजत नाही. आज या खेळात स्त्री-पंचही पुष्कळ आहेत. त्यांचे गणवेश त्यांचे पती धुतात की नाही, याची चौकशी वाचकांनी अमेरिकेतल्या आपापल्या नातेवाइकांकडे करावी. शर्ट-विजारीचे घरात काय ठरेल ते ठरो. टोपी मात्र पंचाने स्वतःच धुवावी. आतल्या पट्टीवरचे मीठ त्याच्याच कपाळाचे आहे. धुऊन झाल्यावर ती पालथ्या वाडग्यावर, सावलीत ठेवावी. वाळायला रात्र लागते; सकाळी लवकर सामना असेल, तर दुसरी टोपी आदल्या दिवशीच काढून ठेवलेली बरी.