अर्धा तोल

"त्यात शिकण्यासारखं काय आहे? तोल तर मशीनच सांभाळतंय." आमच्या शेजारचे निवृत्त विज्ञान शिक्षक एवढं बोलून देवळाकडे निघून गेले आणि माझी संध्याकाळ नासली. वाक्यात चूक काढता येईना, आणि ते खरं आहे असंही वाटेना. अशी वाक्यं फार छळतात.

निमित्त भाच्याचं. मे महिन्यात तो पुण्याहून आमच्या गावी, पालमला आला तो विजेवर चालणारं एक चाक घेऊन. मधोमध एकच जाड टायर, दोन बाजूंना पाय ठेवायला मिटणाऱ्या फळ्या, वर उचलायला मूठ. बसायला जागा नाही, धरायला हँडल नाही. असली चाकं मोबाइलवर आता सगळ्यांनीच पाहिलेली असतात. कुणीतरी हात खिशात घालून मोठ्या शहरातल्या गुळगुळीत रस्त्यावरून सुळकन जातो, त्याचं वर्णन करायला नको. नवशिका मात्र त्या व्हिडिओत दिसत नाही.

लग्नाची तिथी नव्हती म्हणून मंगल कार्यालयाचं फरशीचं आवार मोकळं मिळालं. तिथे नवशिका मीच होतो. एक पाय फळीवर, नडगी चाकाच्या अंगाला दाबलेली, दुसरा पाय जमिनीवर. मुठीला एक पट्टा बांधलेला, तो हातात. म्हणजे चाक निसटलं तरी फरशीवर आपटत नाही. मोकळ्या पायाने रेटा द्यायचा, दोन हात पुढे जायचं, उतरायचं, पुन्हा रेटा. "मामा, खाली बघू नका, समोरच्या टाकीकडं बघा," असं भाचा सांगत होता, आणि मला पायाखालच्या चाकाशिवाय दुसरं काही दिसत नव्हतं. नडगीची आतली बाजू रात्रीपर्यंत काळीनिळी झाली. पण त्या खटाटोपात एक गोष्ट पायाला कळली. पुढे-मागे ते चाक खिळ्याने ठोकल्यासारखं घट्ट होतं. चवड्यावर भार दिला की पुढे, टाचेवर दिला की थांबलंच. डावी-उजवीकडे मात्र त्यात काही जीव नव्हता. सोडलं की आडवं.

सरांना मी हेच सांगणार होतो. मशीन सांभाळतं ते पुढचं-मागचं. आत झुकाव मोजणारे संवेदक असतात. आपण पुढे कललो की मोटर चाकाला तेवढंच पुढे पळवते आणि आपल्या खाली आणून ठेवते. बाजूला ढकलायला तिच्याकडे काही साधनच नाही. चाक फिरतं ते एकाच आसावर. डावं-उजवं तुमचं तुम्ही, अगदी सायकलीसारखं: ज्या अंगाला पडतोय त्याच अंगाला वळायचं. वेग असला तर हे सहज होतं, रांगत निघालं तर होत नाही. म्हणून पहिला दिवस सगळ्यात वाईट.

म्हणजे अर्धा तोल यंत्राचा, अर्धा माणसाचा. आणि ही वाटणी नवी नाही. सरांच्या सायकलीचंच बघा. तिच्यावर पुढचं-मागचं कोण सांभाळतं? दुसरं चाक. लोखंडी सांगाडा आणि दोन चाकांमधलं अंतर. सर त्यासाठी कधी काही शिकले नाहीत, ते त्यांना दुकानातून आयतं मिळालं. 1885 मध्ये इंग्लंडात जॉन केम्प स्टार्लीने 'रोव्हर' सायकल आणली, त्याआधी पुरुषभर उंच पुढच्या चाकाच्या सायकली होत्या. स्वार जवळजवळ आसाच्या माथ्यावर बसायचा, वाटेत दगड आला की हँडलवरून थेट डोक्यावर. रोव्हरने माणसाला दोन सारख्या चाकांच्या मधे, खाली बसवलं आणि ते पडणं संपवलं. उंच चाकवाल्या शौकिनांनी तेव्हा नाकं मुरडलीच. त्यांच्या लेखी ही भित्र्यांची गाडी. सर ज्या सायकलीवरून तीसेक वर्षं शाळेत गेले ती त्या भित्र्या गाडीचीच पणती. एका चाकाने दुसऱ्या चाकाचं काम मोटरवर सोपवलं, एवढाच फरक. तो फसवणूक असेल तर सायकलही फसवणूक.

हे मी सरांना दुसऱ्या दिवशी ऐकवलं. त्यांनी मान डोलावली नाही. सायकल उभी राहते ती चाकं फिरतात म्हणून, भिंगरीच्या नियमाने, ते सृष्टीनियमाचं काम आहे आणि मोटरचं काम वेगळं, असं त्यांचं म्हणणं. हे ते वर्गात शिकवत आले होते. इथे मला जरा चेव आला. डेव्हिड जोन्स नावाच्या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने चालवता येणार नाही अशी सायकल बनवायचा घाट घातला होता. त्याने पुढच्या चाकाशेजारी एक जास्तीचं चाक उलटं फिरवून भिंगरीचा परिणाम मारून टाकला, तरी सायकल चालवता आली. 1970 मध्ये त्याने ते छापलं. 2011 मध्ये तर डच आणि अमेरिकन संशोधकांनी अशी सायकल करून दाखवली, की जिच्यात भिंगरीचा परिणामही नाही, पुढचं चाक हँडलच्या आसामागे ओढलं जाण्याचा नेहमीचा फायदाही नाही, आणि स्वारावाचून ढकलली तरी ती आपली आपण सावरत जाते. म्हणजे सायकलवरचा उरलेला अर्धा तोलही सगळा आपला नव्हेच. "मग मी पोरांना चूक शिकवलं का?" सरांनी विचारलं. अपुरं, असं मी म्हणालो. तो शब्द त्यांना जास्त लागला असावा.

दोन्ही अर्धे खरोखर एकट्याने सांभाळतो तो सर्कशीतला एकचाकी सायकलवाला. तो पायडल पुढे-मागे मारून चाक आपल्या पडत्या अंगाखाली आणत राहतो. मोटर जे करते तेच, फक्त मांड्यांनी. सर्कशीचं नाव निघालं की मला विष्णुपंत छत्रे आठवतात, आणि विषयाला सोडून असलं तरी थोडं सांगतो. कुरुंदवाड संस्थानात घोड्यांवर नेमलेला हा माणूस. मुंबईत कियारिनी नावाच्या इटालियनाची सर्कस पाहिली. हिंदुस्थानी लोकांना असलं काही इतक्यात जमायचं नाही, असा तिथला सूर, आणि 1880 मध्ये छत्र्यांनी स्वतःची ग्रेट इंडियन सर्कस उभी केली. पण मला त्यांचं खरं आकर्षण दुसऱ्याच कारणाने आहे. हे गृहस्थ ग्वाल्हेरला हद्दूखाँकडे गाणं शिकलेले, आणि हद्दूखाँचे चिरंजीव रहिमतखाँ पुढे कितीतरी काळ त्यांच्याच आश्रयाने सर्कशीबरोबर फिरले. एका तंबूत वाघ, दुसऱ्यात ख्याल! स्वतःचं भान नसलेल्या त्या अवलिया गवयाला छत्र्यांनी वर्षानुवर्षं सांभाळलं. सावरून धरण्याचं याहून मोठं काम त्यांच्या रिंगणात कुणी केलं असेल असं मला वाटत नाही. असो.

मी सर्कशीतल्या एकचाकीवाल्याचा दाखला दिला, तर सरांनी सर्कस सोडून डोंबारी काढला. दोरीवरून चालणाऱ्या पोरीला कुठलं मशीन असतं? मी म्हटलं, काठी असते. लांब काठीमुळे अंग सावकाश कलतं, सावरायला सवड मिळते. काठी हेही यंत्रच. सर थोडं थांबले आणि म्हणाले, "पण काठी तिच्या हातात असते."

याला मला उत्तर सुचलं नाही. घरी येऊन भाच्याला विचारलं, हे चाक माणसाला पाडतं कधी? त्याने जे सांगितलं त्यावरून माझी बाजू जराशी सरकली, पण सरांच्या दिशेने नव्हे.

चाक जितकं जोरात फिरेल तितका मोटरमध्ये उलट्या दिशेचा व्होल्टेज तयार होतो. तो बॅटरीच्या व्होल्टेजच्या जवळ गेला की मोटरकडे आणखी जोर लावायला शिल्लक राहत नाही. आणि पुढे कललेल्या स्वाराखाली चाक आणायचं तर शिल्लक जोरच लागतो. बॅटरी उतरली की ही मर्यादा आणखी खाली येते. पेरणीचं बियाणं दळून खाल्लेल्या घरासारखं आहे हे; ताट भरलेलं दिसतं तोवर काही उणं वाटत नाही. शिल्लक संपेपर्यंत फळी पायाखाली तितकीच घट्ट, तितकीच निवांत, आणि संपल्या क्षणी माणूस तोंडावर.

सायकलीचं दुसरं चाक असं संपत नाही. तिचा तोल जातो तो आधी हातांना कळून. मानव विकास कार्यक्रमातून मराठवाड्यातल्या मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात. एक मुलगी आमच्या गल्लीत शिकत होती. सायकल तिच्या मापाला उंच, सीटवर न बसता ती हाफ पायडलवरच उभी राहून चालवायची. काळ्या मातीवरचा रस्ता, पावसाळ्यात फुगलेला, उन्हाळ्यात भेगाळलेला, कडेला डांबर तुटून गेलेलं. त्या तुटक्या कडेला चाक गेलं की हँडल तिच्या मुठीत थरथरायचं, खांदे आवळायचे, पाय आपोआप खाली यायचा. रस्त्याची एकूण एक बातमी सायकल तिला पोचवत होती.

विजेच्या चाकाने नेमकी ही बातमी मधेच अडवली आहे. सर म्हणतात यंत्र तोल सांभाळतं म्हणून शिकणं कमी झालं. ते काही पटत नाही, माझी नडगी साक्षीला आहे. मात्र यंत्र तोल सांभाळताना ते किती कष्टाने सांभाळतंय हे माणसाला जाणवू देत नाही, ही माझी तक्रार आता पक्की झाली. चाक बनवणाऱ्यांनाही हे समजलेलं असावं. आधी त्यांनी इशाऱ्याचा आवाज ठेवला. पण वाऱ्यात कान काय ऐकणार? मग त्यांनी एक युक्ती केली: मर्यादा जवळ आली की चाक मुद्दाम फळीचा पुढचा भाग वर उचलतं. माणूस आपसूक मागे रेलतो, वेग उतरतो. म्हणजे जो थकवा यंत्रातून माणसापर्यंत पोचतच नव्हता तो त्यांनी त्यात बाहेरून घातला. खोटा खरा, पण पायाला कळणारा. सायकल शिकवताना मागून सीट धरणारा माणूस मधूनमधून पकड सैल करतो ती अशीच, कारण पूर्ण घट्ट धरलेली सायकल पोराला काहीच शिकवत नाही. तेव्हा यंत्राने आधार द्यावा की न द्यावा हा माझा वाद आता उरलेला नाही. आधार द्या, हवा तेवढा द्या, पण दमतोय हे कळू द्या. न दमणारा आधार मला सायकलीच्या लोखंडी सांगाड्यातच चालेल, कारण तो खरंच दमत नाही.

कायद्याला यातलं काही ठाऊक नाही. विजेच्या दुचाकीची मोटर 250 वॉटच्या आत आणि वेग ताशी 25 किलोमीटरच्या आत असला तर नोंदणी नको, परवाना नको. एका चाकाचं तिथे नावच नाही. पालमच्या रस्त्यांवर ते न नेण्याचं मी भाच्याला सांगितलं, आणि त्याने ऐकलंही, रस्त्यांकडे बघूनच ऐकलं असणार. शिवाय मी त्याला म्हटलं, ती फळी उचलण्याची मर्यादा जरा खालीच ठेव. तेव्हा त्याने मोबाइल काढून दाखवलं: मर्यादा तिथूनच कमी-जास्त करता येते, आणि काही कंपन्यांच्या चाकांत तर ती साफ बंद करता येते. सराईत लोक करतातही म्हणे. मधेच फळी उचलली की मजा जाते. हे मी सरांना अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर काठी कुणाच्या हातात आहे या वादाला ते नव्याने सुरुवात करतील, आणि या खेपेला कुणाच्या बाजूने बोलायचं ते मला ठरवता आलेलं नाही.