खुंट्याला हात

आजीचं जातं आमच्याकडे आहे. खुंटा कधीच हरवला. वरच्या दगडावर आता मनीप्लांटची कुंडी असते. पाहुणे हटकून म्हणतात, "काय सुंदर! बायका पहाटे उठून गात गात दळायच्या." गायच्या, हे खरं. सुंदर वाटायचं की नाही, हे आजीला कुणी विचारलं नाही. मीसुद्धा नाही.

हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांत विठोबा आहे, सीता आहे, बाबासाहेब आहेत, भाऊ आणि माहेर तर आहेच, आणि सासुरवासही. जात्याला देव म्हणणाऱ्या ओव्याही आहेत. पण त्या देवापाशी बाई मन मोकळं करते, कारण त्या वेळी ऐकायला घरात दुसरं कुणी जागं नसतं. मूठमूठ दाणे वैरत ती ज्यांची नावं घेते ती माणसं तिची. ऋण त्यांचं आहे, कष्टाचं नव्हे. गावात पिठाची गिरणी आली तेव्हा या बायका दळणाचा डबा घेऊन मुकाट रांगेत उभ्या राहिल्या. ओव्या गेल्या म्हणून हळहळलो ते आपण, तेही फार नंतर.

रोजच्या कामात आनंद शोधा, असं सांगणारे बहुतेक जण ते काम रोज करणारे नसतात, असा माझा अनुभव आहे.

जनाबाईच्या अभंगांत विठ्ठल तिच्याबरोबर दळतो, शेण्या वेचतो. भक्तीचा कळस म्हणून आपण ते वाचतो. मला अलीकडे त्यात एक साधीच गोष्ट दिसते. समोर कुणीतरी बसावं आणि खुंट्याला हात लावावा. दोघींनी ओढलं की जातं निम्म्यानं हलकं होतं. नामदेवांच्या घरी राबणाऱ्या जनीला हे कुणी शिकवायला नको होतं. आणि माणसांपैकी कुणी येईना, म्हणून देवाला यावं लागलं.

अजूनही फारसं कुणी येत नाही. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं वेळ जातो, पुरुषांचा ८८.

निवृत्तीनंतर मी रात्रीची भांडी घासायला घेतली. पहिल्या दिवशी बायकोनं सगळी पुन्हा विसळली, बोलली काही नाही. कुकरच्या रिंगेखाली डाळ अडकते, दुधाच्या पातेल्याच्या बुडाला खरपुडी धरते आणि ती घासून नव्हे, भिजत घालून सुटते, हे कळायला मला साठी ओलांडावी लागली. भांडी घासताना मला समाधी वगैरे लागत नाही. कंबर दुखते. पण पातेलं पालथं घालताना इतकी वर्षं ते रोज सकाळी आपोआप लख्ख कसं असायचं, हे आठवतं. खजील व्हायला होतं. माझ्यापुरती कृतज्ञता ती एवढीच.

हा अंक तुमच्या हातात असेल तेव्हा घरात चकल्या तळून झालेल्या असतील आणि सोऱ्या सिंकमध्ये पडलेला असेल. चकतीच्या भोकांतलं पीठ एकदा वाळलं की काडीनंही निघत नाही. तेव्हा पुढचा लेख नंतर वाचा.