न दिसणारें दुखणें

मूल म्हणतें, "आई, माझें सर्वांग ठणकतें"; परंतु सूज नाहीं, ताप नाहीं. अशा वेळीं त्यास कामचुकार ठरवावें काय?

फायब्रोमायल्जिया नांवाचा विकार असाच आहे. मुलांतील या विकाराचें वर्णन युनुस व मासी या वैद्यांनीं १९८५ सालीं प्रसिद्ध केलें. वयांत येणाऱ्या मुलींत तो अधिक आढळतो. रक्ततपासणींत व क्ष-किरणांच्या चित्रांत कांहीं दिसत नाहीं. कारण हाडें व सांधे शाबूत असून, वेदनेची वर्दी देणारे मज्जातंतू व मेंदू फाजील हळवे झालेले असतात. झोपेनें थकवा जात नाहीं.

तर मग विश्वास ठेवणें म्हणजे मुलास अंथरुणावर निजवून ठेवणें काय? नव्हे. प्रथम डॉक्टरांस दाखवावें. मग हळूहळू वाढविलेला व्यायाम, वेळेवर झोप व शाळा हींच हितकर होत. परंतु "तुझें दुखतें हें मी मानतों," असें ज्यास कोणीं म्हटलें नाहीं, तें मूल आपल्या सांगण्यावरून पाऊल तरी कसें उचलील?

भोळेपणानें आपण एखादे वेळीं फसूं. त्यांत आपलें थोडेंच जाईल. परंतु खऱ्या वेदनेस खोटें म्हटलें, तर मूल पुन्हां सांगणारच नाहीं. या दोन चुकांपैकीं कोणती पत्करावी, याचा विचार प्रत्येक आईबापानें करावा.