पाणी जातंय कुठं?

चार महिने माझ्या गाडीच्या डिकीत पाच लिटरचा पाण्याचा कॅन होता. पुण्याहून येताना खंबाटकीचा घाट लागला की इंजिनाच्या उष्णतेचा काटा वर सरकायचा. घाट चढून आलं की गाडी बाजूला घ्यायची, तासभर निवू द्यायची, पाणी भरायचं आणि पुढं निघायचं. याची इतकी सवय झाली, की चष्मा घेतला का, पाकीट घेतलं का, यांच्या जोडीला ‘कॅन भरला का?’ हेही घरात विचारलं जाऊ लागलं.

गेल्या आठवड्यात घाटही नव्हता आणि चढही. कऱ्हाडहून मलकापूरला निघालो होतो. सेवारस्त्यावर वाहनांची रांग, वर दुपारचं ऊन. काटा लाल रेघेला भिडला आणि मग झरकन खाली उतरला. मला हायसं वाटलं. दोन मिनिटांत बोनेटमधून वाफ यायला लागली.

जवळच्या गॅरेजातले मिस्त्री आले तेव्हा मी फडकं घेऊन रेडिएटरचं झाकण फिरवायच्या बेतात होतो.

“ओ साहेब, हात काढा आधी!”

झाकण घट्ट असतं तोवर आतल्या पाण्यावर दाब असतो. त्या दाबामुळं ते 100 अंशांना उकळत नाही, 120 च्या आसपासपर्यंत तग धरतं. झाकण सैल केलं की दाब जातो, पाण्याची क्षणात वाफ होते आणि ती उघडणाऱ्याच्या तोंडावर येते. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतणंही तितकंच वाईट, धातूला तडा जाऊ शकतो. म्हणून पहिला इलाज एकच, इंजिन बंद करून गप बसायचं.

आम्ही बसलो. काट्याची गोष्ट सांगितली तर मिस्त्री हसले.

“काटा खाली आला म्हणून खूश झालासा व्हय? पाणीच संपल्यावर त्यो बिचारा सांगणार काय?”

उष्णता मोजणारा सेन्सर पाण्यात बुडालेला असतो. पाणी गेलं की तो कोरडा पडतो, आणि इंजिन जळत असताना काटा ‘सगळं ठीक’ असं दाखवू शकतो.

मग त्यांनी विचारलं, “किती दिवस पाणी भरताय?”

“चार महिने.”

“आन् जातंय कुठं, ते बघितलं?”

नव्हतं बघितलं. इंजिन गार ठेवणारी ही बंद व्यवस्था आहे. पाणी इंजिनातली उष्णता घेतं, रेडिएटरमध्ये जाऊन वाऱ्याला देतं आणि परत येतं. त्यात रोज भर घालावी लागत असेल, तर कुठंतरी वाट फुटलेली असणार, एवढी साधी गोष्ट मला सुचली नव्हती.

गाडी निवल्यावर शोध सुरू झाला, स्वस्तातल्या शंकेपासून महागड्या शंकेकडं. पंखा फिरतो का? फिरत होता. होज पाइप, क्लिपा? कोरड्या. तेलाची काडी ओढून पाहिली. तेल दुधाळ झालं नव्हतं, म्हणजे पाणी आत तेलात उतरत नव्हतं. इंजिनाचं हेड वाचलं होतं. मग रेडिएटरच्या तोंडाला हातपंप लावून हवेचा दाब भरला. त्याचा काटा हळूहळू उतरायला लागला, तसे मिस्त्री बॅटरी घेऊन खाली शिरले. पाण्याच्या पंपाचं सील गेलं होतं. थेंब गरम धातूवर पडून तिथंच वाळत होता. म्हणून माझ्या अंगणात कधी ओल दिसली नाही. मागं उरला होता तो फक्त पांढुरका-हिरवट डाग.

दुसरा डाग माझ्या हातचा होता. कूलंट जाऊन त्या जागी मी बोअरचं जड पाणी भरत राहिलो, आणि त्याचा क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत साचला. चार महिने ज्याला मी इलाज समजत होतो, त्यानं दुसरा आजार लावला होता.

हे घडलं मलकापुरात, म्हणून जास्त लागलं. कऱ्हाडला लागून असलेल्या या गावाचं नाव झालं ते चोवीस तास पाण्यामुळं. असं पाणी नुसतं जास्त उपसून देता येत नाही. इथं घराघरांच्या नळाला मीटर बसले. जेवढा वापर तेवढं बिल, आणि वापर वाढला की दरही चढा. हिशेब लागला की गळती लपत नाही, आणि गळती आटोक्यात आली की आहे तेच पाणी पुरायला लागतं. अशा गावात मी कॅन घेऊन फिरत होतो.

भर घालणं सोपं असतं. त्यात काहीतरी केल्याचं समाधान मिळतं आणि दिवस पुढं ढकलता येतो. महिनाअखेरीचा खर्च भागत नाही म्हणून घेतलेली उसनवारी असो किंवा रोज संध्याकाळी डोकं दुखतं म्हणून घेतलेली गोळी असो, तो आपापल्या डिकीतला कॅनच असतो. कॅन वाईट नाही. अडचणीच्या वेळी तो गाडी घरापर्यंत आणतो. पण कॅन हाताशी आहे म्हणून आपण खाली वाकून बघायचं टाळतो, तिथं नुकसान सुरू होतं.

पंप नवा बसला, रेडिएटर आतून धुतला, कूलंट भरलं. कॅन आता अंगणात तुळशीजवळ असतो.

तुमच्या डिकीतही एखादा असेल. एकदा ओतलात, हरकत नाही. दुसऱ्यांदा ओतण्याआधी मात्र इंजिन निवू द्या, आणि पाणी जातंय कुठं ते बघा.