समोरच्याचे संवाद

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यावर लघुपट करायचा, असे महाविद्यालयातल्या मुलांनी ठरवले की सगळ्यांची नजर आधी फ्लोरा फाउंटनकडे जाते. २१ नोव्हेंबर १९५५ चा मोर्चा, पोलिसांचा गोळीबार, पंधरा बळी. मग अडचणी सुरू होतात. त्या चौकात आज शेतकरी-कामगारांचे स्मारकशिल्प आहे, भोवती वाहनांची रीघ आहे, त्यामुळे जुना चौक कॅमेऱ्यात सापडत नाही. मोर्चाला माणसे हवीत, तर वर्गातले वीसेक मित्र पांढऱ्या टोप्या घालून येतात. कॅमेरा हलवायचा, चित्र संथ करायचे, मागे डफाची थाप टाकायची, आणि शर्टावर लाल रंग. प्रेक्षागृहात टाळ्या पडतात.

माझा आक्षेप वीस माणसांना नाही. गोळीबार हा संघर्षाचा शेवट असतो, आणि ही मुले शेवटालाच संघर्ष समजून चालतात. बंदूक चालू लागली की वाद संपलेला असतो. नाट्य त्याच्या आधीच्या घटकेत असते, आणि त्या घटकेला ना गर्दी लागते ना मोठा खर्च. चाळीतली एक खोली पुरते.

दुसरी सोय खलनायकाची. मुंबई राज्याचे तेव्हाचे मुख्यमंत्री मोरारजीभाई देसाई आणि एखादा शेटजी उभा केला की पटकथा आपोआप चालू लागते. मुंबई महाराष्ट्रात जाऊ नये म्हणून इथल्या बड्या भांडवलदारांनी जोर लावला होता, हे खरेच आहे. पण ८ ऑगस्ट १९५६ ला अहमदाबादेत काँग्रेस हाउससमोर महागुजरात मागणाऱ्या विद्यार्थ्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या, त्याचे काय करायचे? राज्य तेच, मुख्यमंत्री तेच, आणि मेलेली मुले गुजराती. द्वैभाषिक मुंबई राज्य त्या मुलांनाही नको होते. मराठी विरुद्ध गुजराती या आखणीत ती मुले कुठेच बसत नाहीत, म्हणून आपल्या लघुपटांत ती येतही नाहीत.

खरी दुफळी मराठी घरांतच होती. चिंतामणराव देशमुखांनी मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये केंद्रातले अर्थमंत्रिपद सोडले. यशवंतराव चव्हाणांनी नेहरूंचे नेतृत्व आणि संयुक्त महाराष्ट्र यांत निवड करायचीच तर आपण नेहरूंच्या बाजूने, असे उघड सांगितले आणि लोकांचा रोष ओढवून घेतला. १९५७ च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीने पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला धूळ चारली. कऱ्हाडात यशवंतराव थोडक्यात वाचले. आणि १ मे १९६० ला नव्या राज्याचे पहिले मुख्यमंत्री झाले तेही तेच. यात कोण हरले, कोण जिंकले, हे एका वाक्यात सांगता येत नाही. नाटककाराला याहून काय हवे?

अशाच एका चित्रीकरणाला मी हजर होतो. प्रसंग दोन भावांचा. धाकटा गिरणीत, चळवळीतला. थोरला काँग्रेसचा, बेचाळीसला तुरुंगात जाऊन आलेला. संहितेत थोरल्याला एकच काम होते : दिल्लीची री ओढायची आणि धाकट्याचे भाषण ऐकून मान खाली घालायची. दुसऱ्या टेकनंतर थोरल्याचे काम करणारा मुलगा अडला. म्हणाला, “मी इंग्रजांना घाबरलो नाही, मग आज मला एवढा भेकड का केलाय?” कॅमेरा बंद झाला. सगळे कोंडाळे करून बसले, आणि थोरल्याला नवे वाक्य मिळाले : “फाळणी होऊन आठ वर्षं झाली नाहीत तोवर भाषेवरून पुन्हा भिंती घालायच्या?” आता धाकट्याची पाठ केलेली घोषणा चालेना. बऱ्याच वेळाने त्याला उत्तर सापडले : “आंध्रला दिलंत ना, दादा? तेव्हा देश फुटला नाही, मग आमच्यानंच कसा फुटेल?” आंध्र राज्य १९५३ मध्ये झाले होते; मुद्दा बिनतोड होता. थोरल्याची बाजू भक्कम झाली तशी धाकट्याचीही झाली.

यावर कोणी म्हणेल, ही तर सरकारची वकिली झाली. तसे नाही. समोरच्याचे कारण सांगितले म्हणून पंधरा बळींची जबाबदारी टळत नाही, उलट वाढते. गोळीबार एका दुष्ट माणसाने केला म्हटले की प्रकरण मिटते. देशासाठी तुरुंग भोगलेल्या माणसांनाही तो समर्थनीय वाटू शकला, असे दाखवले की प्रेक्षकाला स्वतःकडे बघावे लागते.

नेपथ्यातल्या चुका मी याच दृष्टीने बघतो. १९५५ च्या प्रसंगात टेबलावर ‘मराठा’चा अंक दिसतो, आचार्य अत्र्यांनी ते दैनिक सुरू केले नोव्हेंबर १९५६ मध्ये. पात्र चहाचे नवे पैसे मोजते; नवे पैसे आले एप्रिल १९५७ मध्ये, तोवर हिशेब आण्यांचा. या चुका कॅलेंडर बघून सुधारता येतात. मोठी चूक अशी की पात्रे शेवट ठाऊक असल्यासारखी बोलतात. १९५५ च्या माणसाला १९६० दिसत नव्हते. मुंबई मिळेल की नाही, आपण वाचू की नाही, हे ठाऊक नसताना त्याने बाजू निवडली. ते अज्ञान पुसले की त्याचे धाडसही पुसले जाते.

अण्णा भाऊ साठ्यांच्या ‘माझी मैना’ या छक्कडीकडे मुलांनी पार्श्वसंगीत म्हणून नव्हे, पटकथेचा धडा म्हणून बघावे. गावी राहिलेल्या बायकोसाठी मुंबईत झुरणाऱ्या गड्यापासून ती सुरू होते आणि बेळगाव, कारवारच्या ताटातुटीपर्यंत जाते. राजकारण घरातून बाहेर पडते, आणि त्यातला एकही धागा तुटत नाही.

बेळगाव, कारवार आजही महाराष्ट्राबाहेर आहेत आणि विदर्भाच्या वेगळ्या राज्याची मागणी अधूनमधून डोके वर काढते. म्हणून १ मेच्या रोषणाईवर संपणारा लघुपट अपुरा वाटतो. लघुपट स्पर्धांच्या परीक्षकांनी कॅमेरा कोणता वापरला ते जरूर विचारावे, पण त्याआधी एक विचारावे : तुमच्या विरोधकाचे सगळ्यांत बळकट वाक्य कोणते? ते सांगता आले नाही, तर त्या मुलांनी जयंती साजरी केली आहे. संघर्षाचे चित्रण अजून व्हायचे आहे.