न्याय्य मजुरीचे माप

मजुरी न्याय्य आहे की नाही, हे कोणत्या मापाने ठरवायचे, हा नीतिशास्त्रातला जुना प्रश्न आहे. वाटणीतला न्याय पात्रतेच्या प्रमाणात असतो, असे ॲरिस्टॉटलने सांगितले. पण पात्रता कशावरून ठरवावी यावर माणसांचे एकमत होत नाही, हेही त्याने मान्य केले. मजुरीच्या बाबतीत मुख्यतः दोन मापे पुढे येतात: केलेले काम आणि काम करणाऱ्याची गरज.

मुंबईच्या कापडगिरण्यांत साचे, म्हणजे माग, चालवणारे विणकर पुरुष असत, तर बायका बहुतेक वाइंडिंग आणि रिळिंग खात्यांत असत. दोघांनाही उक्त्या दराने पैसे मिळत, पण बायकांच्या खात्यांचे दर कमी होते. वाइंडिंगचे काम हलके समजले जाई. प्रत्यक्षात सूत तुटले की बाईने टोक शोधायचे, गाठ मारायची आणि पुन्हा सुरुवात करायची. सूत कच्चे असले की ते वारंवार तुटे, माल कमी निघे आणि तिची कमाई घटे. सुताचा दोष मात्र तिचा नसे.

गरजेचे माप 1957 साली पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने स्पष्ट केले. एका कमावत्यामागे तीन उपभोग-एकके (कुटुंबाची गरज मोजण्याची एकके) धरावीत आणि स्त्रिया व मुलांची कमाई हिशेबात घेऊ नये, असे तिथे ठरले. त्यामागचे गृहीत असे, की घर पुरुष चालवतो आणि बाईचा पैसा ही वरकड भर असते. विधवा किंवा टाकलेली बाई जेव्हा त्याच तीन एककांचा भार उचलते, तेव्हा हे गृहीत कोसळते.

म्हणून दोन्ही मापे नीट तपासायला हवीत. कामाचे माप लावले तर काम कोणी केले याला महत्त्व उरत नाही. गरजेचे माप लावले तर कुटुंब पोसणाऱ्या बाईचा हक्क पुरुषाइतकाच ठरतो. स्त्री असणे हे कमी मजुरीचे कारण यांपैकी कोणत्याही मापातून निघत नाही. पुरुषाच्या वेतनासाठी संसाराचा दाखला द्यायचा आणि बाईच्या वेतनासाठी कामाच्या हलकेपणाचा, असे माप बदलले तरच ते निघते. अन्याय या बदलात आहे.

राज्यघटनेच्या अनुच्छेद 39 ने समान कामासाठी समान वेतन हे राज्याच्या धोरणाचे तत्त्व मानले. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा समान वेतनाविषयीचा 1951 चा करार भारताने 1958 मध्ये स्वीकारला आणि 1976 मध्ये समान वेतनाचा कायदा झाला. त्या कायद्याने ‘तेच किंवा तशाच स्वरूपाचे’ काम ही कसोटी ठेवली. पण बायकांना साच्यावर घेतलेच नाही, तर वाइंडिंगची तुलना करणार कशाशी? आंतरराष्ट्रीय करारातली ‘समान मूल्याचे काम’ ही कसोटी इथे पुढे जाते. कौशल्य, श्रम, जबाबदारी आणि कामाची परिस्थिती पाहून वेगवेगळ्या खात्यांतली कामेही ती तोलू शकते. तराजू दोघांसाठी एकच असावा, ही न्यायाची पहिली अट तिच्यामुळेच पाळली जाते.