मुळांवरील गाठी



उमरग्याच्या काळ्या रानात तूर व हरभरा पिकविणाऱ्या आपणांस एक विनंती आहे. एखादे रोप न उपटता, भोवतालची माती खणून अलगद काढावे व मुळे पाण्यात धुवून पाहावी. बारीक मण्यांसारख्या गाठी दिसतील. कोणी त्यांस रोग समजतो. परंतु तो रोग नव्हे, तो शेजार आहे. हॉलंड देशाचे शास्त्रज्ञ बायेरिंक यांनी १८८८ साली ह्या गाठींत राहणारे सूक्ष्म जंतू वेगळे काढून दाखविले. त्यांस आज रायझोबियम म्हणतात.

हवेत शेकडा सुमारे ७८ भाग नत्र आहे; तरी रोपास त्यातील कणही स्वतः घेता येत नाही. भरल्या विहिरीच्या काठी दोराविना उभ्या असलेल्या तहानेल्यासारखी त्याची स्थिती होय. हे जंतू त्या नत्राचे रोपास घेता येईल असे अन्न करून देतात. उलट रोप आपल्या पानांनी उन्हात केलेली साखर खाली त्यांजकडे पाठविते. कारण मातीतील अंधारात ती त्यांस करिता येत नाही. मग ह्यांत दाता कोण व याचक कोण? दोघेही दाते, दोघेही याचक.

आता आपल्या मंडळ्यांकडे पाहू. जमीनवाला बंधू म्हणतो, "वर्गणी मी देतो, मजुरी करणारा काय देतो?" उपदेशक मनात म्हणतो, "शिकवितो मी. अक्षर न येणारी ही म्हातारी काय देते?" बंधूंनो, आजाऱ्याच्या उशाशी जागून तिने केलेली प्रार्थना ही मातीखालची गाठ आहे. ती दिसत नाही, पण पीक तिच्या बळावर उभे असते. पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा बारावा अध्याय ह्या आठवड्यात घरोघरी वाचावा.

आणखी एक गोष्ट भय धरण्याजोगी आहे. रानात युरियासारखे नत्राचे खत फार पडले, म्हणजे हीच रोपे गाठी कमी धरितात. आयते मिळू लागले की शेजार सुटतो! आमच्या घरी धान्याची पोती आली, हा देवाचा आशीर्वाद. परंतु "मला कोणाची गरज नाही" हा विचार त्याच पोत्यांमागून घरात शिरतो.

गाठ काम करिते की नाही हे वरून कळत नाही. ती फोडावी, आतून गुलाबी असेल तर जिवंत, पांढरी वा हिरवट असेल तर निकामी. तसेच मंडळीच्या वहीत नाव असणे पुरेसे नव्हे. प्रभू आतले पाहतो.

ज्या देशात तांब्याभर पाण्यावरून माणसाने माणसास दूर ठेविले, तेथे आम्ही हे विसरू नये की, प्रभूने स्वतः शोमरोनी स्त्रीजवळ पाणी मागितले. म्हणून ज्याच्या घरचे आपण आजवर काही घेतले नाही, अशा एका गरीब बंधूच्या दारी जावे; देण्यास नव्हे, मागण्यास. पाणी मागावे, प्रार्थना मागावी. देणाऱ्या हाताला घेण्याची लाज वाटू नये, अशी कृपा प्रभू आपणां सर्वांस देवो. आमेन.